पान ८० नंतर पान ९७

आजोबा मोठ्यानं वाचायचे आणि मी त्यांना टेकून पानाकडे बघत बसायचे. अक्षरं येत नव्हती, त्यामुळे कान गोष्टीत आणि डोळे त्यांच्या हातावर. एक कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. पानाच्या शेवटी येऊन ते म्हणायचे, "आणि दार हळूच लोटून तो…" आणि पान उलटायचे. "बाहेर पडला" हे शब्द पान उलटून झाल्यावर ऐकू यायचे. आता ते शब्द मागच्या पानावर राहिलेले. पुढे अक्षरं आल्यावर मी तीच पुस्तकं काढून तपासलंसुद्धा. मग आजोबा ते वाचत कुठून होते?

विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "अगं, डोळे पुढे गेलेले असतात. आवाज मागून चालत येतो."

मी लिहायला कशी लागले हे सांगायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. पुस्तकात दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, एक ऐकू येणारी आणि एक तिच्यापुढे निघून गेलेली, हे मला वाचता येण्याआधी कळलं ते त्या उलटणाऱ्या पानामुळे. आजोबांचं म्हणणं अगदी खरं होतं. मोठ्यानं वाचणाऱ्याचे डोळे आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे असतात. शिवाय ते ओळीवरून सरळ सरकत जात नाहीत, उड्या मारतात. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकतात, पुढे झेप घेतात, आणि मुरलेल्या वाचकाचीही दहातली एखादी उडी मागे पडते, आधी वाचलेल्या शब्दावर.

बोलायला मूल आपसूक शिकतं. वाचायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं. माणसाची लिपी जेमतेम ५,००० वर्षांची. एवढ्या थोड्या काळात वाचनासाठी वेगळी जागा मेंदूत कुठून तयार होणार? वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागांच्या शेजारीच प्रत्येक मुलाला ती स्वतःच्या कष्टानं घडवावी लागते. माझे कष्ट मला आठवतात, विशेषतः ऱ्हस्व वेलांटीचे. 'दिवा' लिहिताना ती 'द'च्या आधी उभी राहते आणि उच्चारात 'द'च्या मागून येते. मी तिथं हमखास अडायचे. मग एकदा आजोबांचं वाक्य आठवलं. वेलांटी दिसली की ती नुसती हातात धरून ठेवायची, डोळे पुढे न्यायचे, अक्षर सापडलं की मग दोन्ही मिळून तोंडातून सोडायची. त्या दिवसापासून मी वाचू लागले, असं मी धरून चालते.

मनातल्या मनात वाचता येणं ही पुढची पायरी. ती कधी चढले ते मला कळलंच नाही. एका दुपारी आईनं विचारलं, "आज वाचत नाहीस?" आणि मी तर वाचतच होते. ओठ हलायचे थांबले होते, एवढंच. चौथ्या शतकात संत ऑगस्टीन यांनी मिलानचे बिशप अँब्रोज यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे की त्यांचे डोळे पानांवरून फिरत, पण आवाज आणि जीभ विसावलेली असे. हे मुद्दाम नोंदवावंसं वाटलं म्हणजे ते तेव्हा नजरेत भरणारं असणार. माझ्या आईलाही ते नजरेत भरलं. माझ्यासाठी मात्र त्या दुपारी घरातला आवाज बंद होऊन पुस्तकातला सुरू झाला. तो आवाज आजोबांचा होता, हेही सांगायला हवं. आजही अनोळखी पुस्तक उघडलं की पहिली काही पानं तेच वाचतात.

दहाव्या वर्षी ते पुस्तक हातात पडलं.

ग्रंथालयात बाईंच्या टेबलाखाली बाद पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यात मला ते दिसलं. शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तिच्यावर दोनच शिक्के, आणि परत आल्याची तारीख दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशीची. बाई म्हणाल्या, "ते नको घेऊस, बांधणीत चुकलंय. दुसरं देते." मी तेच मागितलं. दोन माणसांनी एका दिवसात परत केलेलं पुस्तक बघून मला त्याच्याविषयी काहीतरी वाटलं. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक म्हणतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि लगेच पुढचं म्हणतं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला ती सूत्रं फार नंतर कळली. पण या पुढच्या सूत्रात जी कळकळ आहे, ती मला त्या चिठ्ठीसमोर वाटलेली होती.

गोष्ट दोन भावांची. धाकट्याला ताप भरतो, चढत जातो, आणि मोठा भर पावसात रात्री डॉक्टरांना आणायला नदीकडे निघतो. पान ८० संपतं ते अर्ध्या वाक्यावर: "काठाला एक होडी बांधलेली होती, पण तिच्यात". आणि समोरच्या पानावर आकडा ६५. पुन्हा तोच ताप, तीच रात्र, तोच दोर, तीच होडी, आणि पुन्हा "पण तिच्यात". त्यानंतर थेट पान ९७.

मला आधी वाटलं, लेखकानं मुद्दाम केलंय. ती रात्र इतकी महत्त्वाची की एकदा सांगून भागत नाही. म्हणून मी ती सोळा पानं दुसऱ्यांदा नीट वाचली, काही बदललंय का ते बघायला. एक अक्षर बदललं नव्हतं. पण पहिल्या वेळी मी घाबरले होते, आणि दुसऱ्या वेळी मला शोध लागला की 'भीती' हा शब्द त्या सोळा पानांत कुठंच नाही. दाराला आतून कडी घालणारं कुणी नव्हतं म्हणून तो दार नुसतं लोटून घेतो आणि चार पावलांवरून परत येऊन ते उघडं तर राहिलं नाही ना, हे बघतो. बस, एवढंच लिहिलेलं. मी घाबरले होते ते तिथं. कुणीतरी हे करतं, माझ्या पोटात गोळा यावा म्हणून दाराशी परत येणारा मुलगा लिहितं, हे मला त्या चुकून दोनदा बांधलेल्या पानांनी दाखवलं. प्रत धड असती तर मी पुढे धावले असते. गोष्ट चालू असताना मागे कोण वळतं?

बाईंनी मला फर्मा समजावून सांगितला. पुस्तक एकेक पान जोडून होत नाही. मोठ्या कागदाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ पानं छापतात, कागदाला तीन घड्या घालतात, कापतात, की सोळा पानांचा फर्मा. असे फर्मे ओळीनं उचलून जुळवायचे आणि शिवायचे. उचलणाऱ्याचा हात एकदा चुकला की पाचवा फर्मा दोनदा येतो आणि सहावा राहून जातो. घरी जाऊन मी चित्रकलेचा मोठा कागद तीनदा दुमडला, पानांना आकडे घातले आणि परत उलगडला. १ च्या शेजारी १६ आणि त्यांच्या डोक्यावर उलटे ८ आणि ९! मी तो कागद कितीतरी वेळ दुमडत आणि उलगडत बसले. सरळ वाचली जाणारी गोष्ट मुळात अशी विखुरलेली असते, हे बघून मला एवढा आनंद का झाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

दुसऱ्या कागदाला आकडे घातले ते ८१ ते ९६. राहून गेलेला सहावा फर्मा मी लिहायचा ठरवला.

पान ९७ असं सुरू होत होतं: "होता. आजीनं त्याच्याकडे न बघताच कंदील विझवला." मुलगा एका अनोळखी घरात आहे. उजव्या हाताला फडकं बांधलंय. जमिनीवर ऊन आलंय. ही आजी कोण, ठाऊक नाही. पान ९९ वर तो तिथून निघतो आणि आजी पुस्तकात पुन्हा येत नाही. म्हणजे मला "पण तिच्यात" या शब्दांपासून निघायचं होतं आणि जिच्यापुढे "होता" बसेल अशा ओळीवर पोचायचं होतं. मधे हात दुखावायला हवा, म्हातारी भेटायला हवी आणि हे सगळं बरोबर सोळा पानांत.

पहिल्या खेपेला मी मगर घातली, दरोडेखोर घातले, होडी उलटवली. चांगली सहा पानं भरली. मग पान ९७ वाचून बघितलं, तर माझी म्हातारी त्या म्हातारीला जुळेना. मी लिहिलेल्या आजीनं त्याला मगरीच्या जबड्यातून ओढून काढलं होतं. ती त्याच्याकडे न बघता कंदील कसा विझवेल? तिनं तर त्याला कुशीत घेतलं असतं. दुसऱ्या खेपेला दरोडेखोर काढले, म्हातारी तशीच राहिली. "न बघताच" हे दोन शब्द मला पुढे जाऊ देईनात. ती का बघत नाही?

आता पेनाबद्दल सांगते. मला तो फर्मा छापल्यासारखा दिसायला हवा होता, म्हणून मी आजोबांचं शाईपेन घेतलं. न विचारता. चित्रकलेचा कागद खरबरीत, माझा हात जड, आणि तिसऱ्या ओळीत निबेचे दोन पाय फाकले. मी ते बोटांनी दाबून जुळवायचा प्रयत्न केला, नखाला शाई लागली, निब होती तशीच राहिली. टोपण लावलं आणि पेन पेटीत ठेवलं, जिथं होतं तिथंच, क्लिप वर करून.

संध्याकाळी आजोबा त्यांची वही घेऊन बसले. पेटी उघडली. पेन काढलं, टोपण फिरवलं, वहीवर दोन शब्द लिहिले, थांबले, टोपण परत लावलं. मग खणातून जाड काळी पेन्सिल काढली आणि माझ्याकडे न बघताच लिहायला लागले. मी समोर बसले होते. एक शब्द नाही. त्यानंतर ते रोज पेन्सिलनंच लिहू लागले.

त्या रात्री मला म्हातारी कळली.

होडी तिचीच होती. "पण तिच्यात कुणी नव्हतं," असं वाक्य पुरं केलं. मुलानं न विचारता दोर सोडला, ओल्या दोरानं तळहात सोलला, पलीकडे पोचल्यावर होडी बांधायला हात चालेना आणि ती वाहून गेली. पहिलं घर दिसलं तिथं तो शिरला. ते तिचंच घर. ती त्याचा हात बांधते. तो होडीबद्दल बोलत नाही. ती विचारत नाही. तिला ठाऊक आहे. माझं पान ९६ या शब्दांवर संपलं: "आजीला राग आला". आणि पुढे छापील "होता."

हे मी माझ्या साध्या शिसपेन्सिलनं, फिकट अक्षरात लिहिलं. शाईच्या तीन ओळी असलेला कागद फाडून टाकला होता.

आजोबांना दाखवायला नेलं तेव्हा ते खिडकीशी बसले होते. त्या वर्षी ते खिडकीशीच बसायचे आणि रात्रीचं वाचन त्यांनी सोडलं होतं. कागद हातात घेतला, थोडा लांब धरला, मग माझ्याकडे परत दिला. "तूच वाच. मी ऐकतो." मला वाटलं, अजून राग गेलेला नाही. मी वाचायला लागले. न विचारता दोर सोडण्याच्या जागी माझा आवाज बारीक झाला, कारण मी आता त्यांना काय सांगते आहे ते मला माहीत होतं. तिथंच पान संपत होतं. माझ्या हातानं पान उलटलं आणि मागच्या पानावरचे दोन शब्द मी पान उलटल्यावर म्हणाले. डोळे पुढे, आवाज मागे. मला ते जाणवलं आणि मी क्षणभर थांबले.

"थांबू नकोस," आजोबा म्हणाले.

वाचून झाल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळ झाली होती ना? ऊन आलंय म्हणालीस. मग कंदील तोवर जळत का होता?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेनाविषयी ते बोलले नाहीत, मीही नाही. मी पळत जाऊन पान ९७ पाहिलं, आणि खरंच, ऊनही होतं आणि कंदीलही. शंभरदा वाचलेलं पान! मी चार पानं खोडून पुन्हा लिहिली. म्हातारी रात्रभर जागी राहिली, होडी परत येईल म्हणून. मला नंतर चांगले संपादक भेटले. पण त्या प्रश्नाइतका सरळ हात घालणारा प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल, आणि आजही मसुदा पुरा झाला की मी आधी जळत राहिलेला कंदील शोधते.

पुढची वर्षं भराभर सांगण्यासारखी आहेत. आवडलेले उतारे वहीत हातानं उतरवून काढले; उतरवताना वाक्य कुठं श्वास घेतं ते मनगटाला कळतं, हा माझा अनुभव आहे. डायऱ्या भरल्या. वाईट कविता केल्या. विशीत कथा पाठवायला लागले आणि त्या 'साभार परत'च्या चिठ्ठीसह परत येऊ लागल्या. एक कथा तीन ठिकाणांहून परत आली. एक मुलगी, एक म्हातारा आणि न विचारता घेतलेलं पेन. चौथ्या ठिकाणाहून आली तेव्हा चिठ्ठीखाली हातानं लिहिलेली ओळ होती: "सगळं तुम्हीच सांगून टाकलंत. वाचकाला काय काम ठेवलंत?"

मला ती ओळ लागली. माझ्या कथेत शेवटी मुलगी रडत सगळं कबूल करत होती, म्हातारा तिला जवळ घेत होता, दोघं मिळून नवी निब आणायला जात होते. यातलं काही घडलं नव्हतं. आणि मी स्वतः वाचक म्हणून घडले होते ते एका राहून गेलेल्या फर्म्यामुळे! मी कबुलीची चारही पानं काढली. म्हातारा पेन्सिल घेतो, मुलगी बघते, आणि पुढचं पान दुसऱ्या दिवसाचं. ती कथा छापून आली. ती माझी पहिली.

ते पुस्तक धड स्वरूपात मला मिळालं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. दुसरंच ग्रंथालय, तीच आवृत्ती. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी टेबलाशी बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ८० संपलं, आणि हात सवयीनं मागे ६५ कडे गेला. पाचवा फर्मा मी पुन्हा वाचला. एकदाच वाचून तो मुलगा घरातून पुरता बाहेर पडल्यासारखा वाटेना. मग ८१ कडे वळले.

"पण तिच्यात", पान ८० वर, आणि ८१ वर, "वल्हं नव्हतं."

म्हणजे ती होडी तो नेऊच शकला नव्हता. तो दोराला धरून, उतारातून, चालत नदी पार करतो. हात सोलतो तो तिथं. माझी चोरी त्या पुस्तकात नव्हतीच. पुढे म्हातारीचं घर येतं, आणि ८६ व्या पानावर, कसलाही गाजावाजा न करता, एक वाक्य: तिला दिसत नव्हतं. रात्री नदी ओलांडणाऱ्याला काठ कळावा म्हणून ती रोज खिडकीत कंदील लावायची, आणि पहाट झाल्याचं तिला पाखरांवरून कळायचं. ९६ वर पाऊस पडून गेलेला असतो. पाखरं उशिरा बोलतात. शेवटची ओळ: "पाऊस थांबला". समोर ९७: "होता. आजीनं त्याच्याकडे न बघताच कंदील विझवला."

मी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि तशीच बसून राहिले.

आजोबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं मी सहावीत असताना झाली. म्हणजे त्या फर्म्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी. खिडकीशी बसणं, रात्रीचं वाचन सोडणं, कागद लांब धरणं, "तूच वाच, मी ऐकतो", जाड काळी पेन्सिल. हे सगळं मला कायम माहीत होतं, पण मी ते कधी एका ओळीत लावलं नव्हतं. दहाव्या वर्षी मी त्याचा अर्थ राग असा लावला, त्यावर एक म्हातारी उभी केली, पुढे तिच्यावर कथा लिहिली आणि लेखक झाले.

घरी येऊन मी त्यांच्या वह्या काढल्या. त्या संध्याकाळची वही सापडली. शाईतले दोन शब्द, मग रेष सोडून भरकटलेली ठळक पेन्सिल, आठ-नऊ महिने. ऑपरेशननंतर महिन्याभरानं अक्षर पुन्हा लहान झालं होतं, ओळीवर आलं होतं आणि शाईत होतं. मी दिवा जवळ घेतला. त्या पानावर आणि त्यापुढच्या सगळ्या वह्यांत, शेवटच्या वहीपर्यंत, प्रत्येक उभी रेघ दुहेरी उमटलेली होती.